धाकू, ती घाण नव्हती

धाकू, आज सकाळी कामावर आल्या आल्या मी सवयीनं तुझी चिठ्ठी लिहून टाकली. गाडीचा नंबर, त्याखाली 'धुवून झाली', त्याखाली माझी सही. चिठ्ठी फाडून हातात धरली, तेव्हा लक्षात आलं की ती घ्यायला आता कोणी येणार नाही. तुला जाऊन चौदा दिवस झाले. आवारात लॉऱ्या धुळीनं माखून उभ्या आहेत आणि कोपऱ्यात तुझी हातगाडी दोन्ही रिकामी पिंपं घेऊन उभी आहे. ती चिठ्ठी मी खिशात घातली.

गेलेल्या माणसावर लिहायचं तर जन्म, गाव, शिक्षण असं काहीतरी आधी लिहितात म्हणे. तुझं जन्मसाल तुलाच माहीत नव्हतं. गाव विचारलं की तू बोटीच्या धक्क्याकडे हात करायचास, आणि शिक्षणाचा विषय निघाला की 'तुझं झालंय ना, बस झालं' म्हणून मोकळा व्हायचास. तेव्हा ते राहू दे. मी आपला तुझ्याशी बोलतो. गेली पाच वर्षं रोज सकाळी बोलत होतो, एकदम बंद कसं करणार?

तू पहिल्यांदा आलास तो दिवस मला नीट आठवतो. माझगावातली आमची ही माल वाहतुकीची कंपनी, तिच्या अकरा लॉऱ्या आणि त्यांची हजेरी ठेवणारा मी, फणसवाडीचा कारकून सबनीस. तेव्हा गाड्या धुवायला बाहेर पाठवाव्या लागायच्या. एक गाडी गेली की तिचा अर्धा दिवस गेला. ड्रायव्हर तिथे रांगेत गाडी लावून डुलक्या काढायचे आणि इकडे गोदीतला माल वाट बघत पडायचा. मॅनेजर दिघे माझ्या नावानं शंख करायचे. अशा एका सकाळी तू फाटकात हातगाडी घेऊन उभा राहिलास. गाडीवर दोन पिंपं, काथ्याचा ढीग, गोणपाटाचे तुकडे आणि एक हातपंप. युद्धाच्या वेळी बाँबच्या आगी विझवायला वाटले होते तसला, पायानं दाबून धरायचा. तो तू चोरबाजारातून उचलला होतास.

"गाडी धुण्याकडे जाते," तू म्हणालास, "धुणंच गाडीकडे आलं तर?"

"तू कोण?" मी विचारलं.

"धाकू. वरळी, बीडीडी चाळ. तू कोण?"

मला कपाळावर आठी आणावीशी वाटली, खरं सांगतो. धोतर-कोट-टोपीतल्या कारकुनाला हातगाडीवाला 'तू' म्हणतो म्हणजे काय! ते तुला दिसलं. "तू मला तू म्हणालास, म्हणून मी तुला तू म्हणालो," तू म्हणालास. "अहो म्हटलं असतंस, तर अहो म्हटलं असतं." आवाज चढलेला नाही, तोंडावर राग नाही. मग मी 'अहो'कडेही वळलो नाही आणि तूही वळला नाहीस. पुढे वाटायला लागलं, बरं झालं. वाडीतले बालमित्र सोडले तर मला 'तू' म्हणणारा या शहरात तू एकटाच होतास.

त्याच दिवशीची आणखी एक गोष्ट. आवारातला नळ पिण्याचाही तोच आणि धुण्याचाही तोच. पिंप भरायच्या आधी तू नळाशी थांबलास आणि माझ्याकडे पाहिलंस. मी घाईघाईनं म्हणालो, "भर की, विचारतोस काय?" तू म्हणालास, "विचारत नाय. बघत होतो." मला ते दोन दिवस टोचत राहिलं.

तुझ्या धुण्याला एक शिस्त होती. वरून खाली. आधी केबिनचा टप, मग काच, मग हौद्याच्या बाजू, मग मागची फळी आणि सगळ्यात शेवटी चाकं. वरून ओघळलेल्या पाण्यानं चाकांची माती आपोआप भिजायची, म्हणून चाकांना निम्मं पाणी पुरायचं. कोणी ड्रायव्हर मदतीच्या उत्साहात कोरडा काथ्या घेऊन पुढे झाला की तू त्याचा हात धरायचास. "भिजू दे आधी. कोरडं घासलंस तर घाण राहील नि रंग जाईल." आमच्या गाड्या झाल्या की तू दारूखान्याला लोखंडाच्या गाड्यांकडे, तिथून परळला दुधाच्या गाड्यांकडे, संध्याकाळी लालबागला पावाच्या गाड्यांकडे. सबंध गिरणगावात गाड्या बाळगणाऱ्या मालकांना तू आपल्या दोन पिंपांची सवय लावलीस.

दिघ्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता, तुझ्यावर कुठून असणार? म्हणून दर गाडीमागे चिठ्ठी. मी गाडीभोवती फिरून बघायचं, स्वच्छ असेल तर 'धुवून झाली' लिहून सही करायची. ती दाखवली की तुला पैसे, चिठ्ठी तुझ्यापाशीच. तू चिठ्ठी घेऊन उलटसुलट करून बघायचास. एकदा विचारलंस, "हे शेपटीवालं काय?"

"तो झ. 'झाली'मधला."

"ह्याची शेपटी तू लय लांब ओढतोस, सबनीस. खालच्या ओळीत जाते."

मला वाटलं, चेष्टा करतोयस. गिरगावातल्या शाळेत वळणदार अक्षराबद्दल माझं नाव होतं आणि ती शेपटी हा माझा अभिमानाचा विषय होता.

मग ते दिवस आले. संयुक्त महाराष्ट्राशिवाय कोणाच्या तोंडी दुसरा शब्द नव्हता. मोर्चे, हरताळ, गोळीबाराच्या बातम्या. आमच्या वाडीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी उभी असायची आणि गच्चीगच्चीवरून थाळ्या वाजायच्या. तू कामं आटोपून सरळ मोर्चात जायचास, ओल्या लेंग्यानंच. मी? मी कडेनं घरी जायचो. आई म्हातारी, नोकरी एकट्याची, एकदा नाव पोलिसांच्या वहीत गेलं की संपलं, असं मी स्वतःला समजवायचो. ते खोटंही नव्हतं. पण घरी जाऊन जेवण जायचं नाही.

आता एक सांगतो, जे तुला कधी सांगितलं नाही. गाड्यांवर ते मी लिहीत होतो.

संध्याकाळी ड्रायव्हर गेले, पहारेकरी चहाला वळला की दहा मिनिटं आवार माझं एकट्याचं असायचं. खिशात गेरूचा खडा. लॉरीच्या मागच्या फळीवर मोठ्या अक्षरात 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' लिहायचं, हात धुवायचे, टोपी नीट करायची आणि निघायचं. छाती अशी धडधडायची की चर्नी रोडपर्यंत थांबायची नाही. आयुष्यात मी केलेलं एवढंच एक धाडस, आणि तेही गेरूचं, एका तांब्यात वाहून जाणारं.

अशी पहिली ओळ लिहिली, त्याच्या दुसऱ्या सकाळी तू त्या गाडीपाशी आलास. टप धुतलास, बाजू धुतल्यास, चाकं धुतलीस. मागच्या फळीवर अक्षरांच्या वर धुतलंस, खाली धुतलंस, मधला पट्टा तसाच धुळीसकट ठेवलास. सगळी गाडी लखलखीत आणि मधे ती ओळ. तू माझ्याकडे चिठ्ठीसाठी हात केलास, तोच दिघे आले.

"हे काय? हे धुतलं का नाही?"

"माझं काम घाण काढायचं," तू म्हणालास.

"मग ही घाण नाही?"

"ते सबनीस सांगेल. सही त्याची असते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दिघे, चार ड्रायव्हर, पहारेकरी. तूही. मला नुसतं गप्प बसता आलं असतं. 'पुसून टाक' एवढंही पुरलं असतं. पण घाबरलेला माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतो. मी म्हणालो, "घाण आहे. धू." आणि दिघ्यांना ऐकू गेलं नसेल तर म्हणून पुन्हा म्हणालो, "घाणच आहे."

एक तांब्या पाणी मारलंस, गोणपाट फिरवलंस, ओळ गेली. मी 'धुवून झाली' लिहिलं. शेपटी तेव्हाही खालच्या ओळीत गेलीच.

दुपारी चहाच्या वेळी तू माझ्या बाकावर येऊन बसलास. मी आपणहून सुरुवात केली, "नोकरीचा प्रश्न होता, धाकू."

"मग तसं बोलायचं. नोकरीचा प्रश्न हाय, पुस. मी पुसलं असतं. घाण कशाला म्हणालास?"

"शब्द आहे तो. बोलून गेलो."

"घाण कशाला म्हणायचं, ह्याच्यावर आमच्या घरात तीन पिढ्या विचार झालाय, सबनीस. तू घाईनं बोललास."

मी म्हणालो, लिहिणाऱ्यानंही विचार करायला हवा होता, तुझ्या-माझ्या पोटावर पाय येईल याचा. बघ, मी स्वतःलाच शिव्या घालत होतो आणि तुला कळू नये अशी खटपटही करत होतो. तू कपातला चहा संपवलास आणि म्हणालास, "लिहिणाऱ्याचं मी बघतो." आपलं भांडण तिथेच राहिलं. पुढे कितीदा ते काढावंसं वाटलं. 'धाकू, ती घाण नव्हती' एवढंच म्हणायचं होतं. सकाळी म्हणू, संध्याकाळी म्हणू, असं करत राहिलो.

त्यानंतर आठवडाभर मी गेरूला हात लावला नाही. मग एका संध्याकाळी हात धुवायला नळाशी गेलो तर कट्ट्यावर पत्र्याचा लहानसा डबा. झाकणाच्या कडेला पिवळा डाग, आत पातळ केलेलं डांबर आणि बाजूला काथ्याचा कुंचला, काडीला नीट बांधलेला. त्या दिवसांत आमच्या शेडच्या छपराला डांबर लावायचं काम चाललं होतं. मला वाटलं, गवंडी विसरून गेला. इकडेतिकडे बघितलं. गेरूच्या खड्यावर इतके दिवस समाधान मानलेल्या माणसाला डांबराचा डबा दिसला की काय होतं, ते तुला काय सांगू! मी त्या संध्याकाळी तीन लॉऱ्या लिहिल्या.

आणि दुसऱ्या दिवशीचं तुझं ते नाटक! दिघे शेजारी उभे, "धू" म्हणतायत, आणि तू पंपानं पाणी मारतोयस, काथ्या घासतोयस, सोडा लावतोयस, कपाळावरचा घाम निपटून दिघ्यांच्या बुटापाशी टाकतोयस. अक्षरं उलट चकाकायला लागली.

"जात नाय, साहेब. पाण्याचं काम नाय हे."

"रॉकेल लाव."

"लावतो की. पण रॉकेलनं गाडीचा रंग बी उतरणार. हिरवी गाडी चट्ट्यापट्ट्याची होणार. शेठ विचारतील. तुम्ही लिहून द्या, रंग गेला तरी चालेल म्हणून. सबनीस, कागद आण."

दिघ्यांनी कागदाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "पुढे बघू." मी मान खाली घालून चिठ्ठी लिहिली, कारण हसू आवरत नव्हतं. पंधरा दिवसांत अकराच्या अकरा लॉऱ्या लिहून झाल्या. डबा दर दोन-तीन दिवसांनी भरलेला दिसायचा. गवंडी इतका विसराळू कसा, असा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला. आपल्या हुशारीवर खूश असलेल्या माणसाला असले प्रश्न पडत नाहीत.

त्यानंतर जे झालं त्यावर तू-मी किती हसलो! दंग्याच्या दिवसांत रस्त्यावर दुसऱ्यांच्या गाड्यांच्या काचा फुटल्या, आमच्या गाड्यांना लोक हात करून वाट द्यायचे. एकदा लालबागच्या नाक्यावर जमावानं आमची गाडी अडवली, मागची फळी वाचली आणि ड्रायव्हरला पाणी पाजून सोडला. शेठच्या कानावर हे गेलं. मग दिघेच सकाळी गाड्यांच्या मागून चक्कर मारायचे. "आठ नंबरचं जरा पुसट झालंय का रे?" असं त्यांनी विचारलं, त्या दिवशी तू पिंपाच्या आड जाऊन बसलास आणि बराच वेळ बाहेर आला नाहीस.

मधे तू नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलास. पांढरा सदरा घालून थेट आवारात आलास आणि म्हणालास, "आता बघ, कसा दिसतो?" मी म्हणालो, "धुतलेला." तू इतका खुशीत होतास की त्या थट्टेचाही तुला राग आला नाही. त्या दिवशी तुला फणसवाडीत घरी जेवायला न्यावं असं मनात आलं होतं. आई काय म्हणेल, शेजारी काय म्हणतील, यात तो विचार विरला. हेही एक राहून गेलं आणि याला माझ्याकडे सबब नाही.

शेवटी महाराष्ट्र झाला. मुंबईसकट झाला. त्या सकाळी आवारात ड्रायव्हरांनी गाड्यांना झेंडूच्या माळा घातल्या. दिघ्यांनी पेढे वाटले आणि मग म्हणाले, "झालं ना आता? मग ते काढून टाका." तू पिशवीतून बाटली काढलीस. गोडेतेल. फडक्यावर घेऊन फळीवर फिरवलंस, जरा थांबलास, आणि डांबर लोण्यासारखं सुटून आलं. खाली रंग जसाच्या तसा, हिरवागार.

"अरे लबाडा!" मी ओरडलो. "मग इतकी वर्षं रॉकेल, रॉकेल काय चाललं होतं?"

"गोडेतेलाचं मला कोणी विचारलंच नाय."

दहा गाड्या तू एका दमात पुसल्यास. अकराव्या गाडीपाशी थांबलास, मला हाक मारलीस आणि फडकं हातात धरून विचारलंस, "कुठपर्यंत पुसू?" मला आधी कळलं नाही. मग कळलं. मी बोट ठेवलं आणि तू त्या बोटाच्या पुढचं तेवढं पुसलंस. फळीवर राहिलं 'संयुक्त महाराष्ट्र झाला'. आपण दोघं मागे सरकून बघत उभे राहिलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी उगाच म्हणालो, "बेळगाव-कारवार राहिलं रे." तू म्हणालास, "मडगार्डच्या आत माती ऱ्हातेच. उद्या परत धुवायचं." ती गाडी अजून तशीच फिरते आहे. परवा दिघ्यांनी रंगाचा विषय काढला, तर मी म्हणालो, त्या गाडीचं मला विचारल्याशिवाय काही करायचं नाही. असं मी म्हणालो, धाकू. त्यांच्या तोंडावर.

आणि मग तीन दिवसांचा ताप. तू आला नाहीस, दुसऱ्या दिवशी आला नाहीस, तिसऱ्या दिवशी तुझा मेहुणा निरोप घेऊन आला. एवढंच.

काल मी वरळीला तुझ्या खोलीवर गेलो. तुझ्या घरी पहिल्यांदा आलो तो तू नसताना. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली मेणबत्ती, आणि राधावहिनी. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा दिला. मी जे बोलायचं ते बोललो. जरा वेळानं त्या उठल्या आणि फळीवरून सुतळीनं बांधलेला गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला. माझ्या चिठ्ठ्या. पाच वर्षांच्या. त्यांच्यावर एक वही होती. वही उघडली तर पानांवर पानं 'धुवून झाली, धुवून झाली, धुवून झाली'. आधी वेडंवाकडं, मग सरळ, मग चांगलं. आणि प्रत्येक झ ची शेपटी खालच्या ओळीत गेलेली.

"रोज जेवण झालं की गिरवत बसायचे," वहिनी म्हणाल्या. "ह्याच्यावरच शिकले वाचायला. सबनीसाचं अक्षर म्हणायचे."

धाकू, माझी अक्षरं गिरवून गिरवून पाठ झालेल्या माणसापुढे मी पाच वर्षं लपत होतो. गेरूची ती पहिली ओळ बघितलीस तेव्हाच 'झालाच'मधल्या शेपटीवरून तू मला ओळखलं असशील. मग चार माणसांत तू मला विचारलंस, ही घाण आहे का. आणि मी माझ्याच अक्षराला घाण म्हणालो, दोनदा, ते तू ऐकून घेतलंस.

मी वहिनींना सगळं सांगून टाकलं. तुला सांगायचं होतं ते त्यांना सांगितलं. त्यांनी वही पुन्हा गठ्ठ्यावर ठेवली. मग म्हणाल्या, "ते ठाऊक हाय मला. त्या रोजी घरी आले नि माझा हळदीचा डबा रिकामा करून मागितला. मी म्हटलं, कशाला? तर म्हणाले, सबनीसाचं तोंड भितं गं, हात भीत नाय. त्याच्या हाताला न पुसणारं कायतरी दिलं पायजे."

चहा गार झाला होता. मी तो तसाच प्यायलो. निघताना वहिनींना म्हणालो, या रविवारी मेहुण्याला घेऊन फणसवाडीत जेवायला या. आईला रात्री घरी जाऊन सांगितलंय. सोमवारपासून तुझी हातगाडी तो चालवणार आहे आणि चिठ्ठ्या मी लिहिणार आहे.

दारापर्यंत येऊन वहिनींनी विचारलं, "डबा हाय का हो अजून?"

आहे, धाकू. माझ्या टेबलाच्या खणात. मी तो धुतलेला नाही.